साहेबांविरुद्धची तक्रार, एक प्रत साहेबांना

सरकारी कागद ऑफिसाबाहेर पडतो तेव्हा त्याच्या पायथ्याशी, डाव्या हाताला, थोडी जागा सोडलेली असते. तिथं ‘प्रतिलिपि’ असं लिहायचं, त्याखाली त्या कागदाशी ज्याचा ज्याचा संबंध असेल त्याचं पद लिहायचं, आणि पुढं ‘सूचनार्थ’ लिहून मोकळं व्हायचं. बावीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर हेच करत आलो. ती जागा कोरी राहिली की मला कागद अर्धवट वाटतो. नाडी न बांधता रस्त्यावर आल्यासारखं होतं.

तर ज्या दिवशी मी माझ्या मेहुण्याच्या वतीनं ठाणेदाराविरुद्ध तक्रार लिहिली, जिल्ह्याच्या पोलीस कप्तानांच्या, म्हणजे एसपी साहेबांच्या नावे, अडीच पानं, मुद्देवार, त्या दिवशीही हात आपोआप तळाशी गेला. दोन प्रती लावल्या. एक कलेक्टर साहेबांना. दुसरी, थाना प्रभारी, सूचनार्थ.

म्हणजे ज्यानं मारलं, त्यालाच.

बरं, लावली ती लावली. पोस्टानं पाठवली असती तर चार दिवस मध्ये गेले असते, कोणीतरी शहाणा माणूस भेटला असता आणि म्हणाला असता, अरे बाबा, हे काय करून राहिला तू? पण डाकेचा मला भरवसा नाही, आणि पावती हाती आल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून मी स्कूटर काढली आणि स्वतः ठाण्यात जाऊन ती प्रत देऊन आलो.

ठाण्याच्या मुंशीजींनी कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला.

“किसके खिलाफ है?”

“आपके साहब के.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक बाबू दुसऱ्या बाबूकडे कसा पाहतो हे मला ठाऊक आहे. त्यांनी मला खुर्ची दिली. मग अडीचही पानं शांतपणे वाचली, आणि ‘साक्षीदार’ लिहिलं होतं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ये चाय वाली का पूरा पता आपने लिखा है?”

“जी. आवेदन मेरे साले का है, लिखा मैंने है.”

“बहुत साफ लिखा है,” मुंशीजी म्हणाले.

मी ‘धन्यवाद’ म्हणालो. आजही आठवलं की मान खाली जाते, पण म्हणालो. त्यांनी शिक्का मारला, तारीख टाकली, सही केली. मी पावती चार घड्या करून खिशात ठेवली आणि घरी येऊन बायकोसमोर धरली.

“कोणाची आहे ही?”

“ठाण्याची.”

“म्हणजे? त्याइलेच देऊन आले का तुमी?”

“अगं, नियम असतो. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याले कळवावं लागते.”

“कोणाचा नियम?”

मी पावतीची पुन्हा घडी घातली. आमची मुलगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिला मराठी सगळं समजतं, पण तोंडातून येते ती हिंदी. ती वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “पापा, आप खुद जाके दे आए?”

त्या घरात त्या क्षणी मीच एकटा होतो ज्याला अजून वाटत होतं की काम नीट झालं आहे.

काय झालं होतं ते आता सांगतो. राज्य नवीन झालं होतं आणि आमचं रायपूर रातोरात राजधानी. मलाही त्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. आमच्या ऑफिसाला नवी पाटी आली, तिचा रंग ओला होता तेव्हापासून मी चालण्यात थोडा फरक केला होता. तात्यापाऱ्यातल्या, एका दुकानावरच्या आमच्या दोन खोल्या त्याच होत्या, नळ तसाच तासभर यायचा, पण राजधानीत यायचा. फरक पडला तो रस्त्यावर. पूर्वी महिन्यातून एखादी लाल दिव्याची गाडी दिसली तर लोक वळून पाहायचे. आता सकाळ झाली की सायरन. चौक बंद, माणसं दोरीच्या अलीकडे, आणि शिपायांच्या आवाजात एक नवीच धार.

माझा मेहुणा आमच्याकडेच राहायचा. बायकोपेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा बायकोनंच त्याला वाढवला. लग्नात माझ्याबरोबर बायको आली आणि दोन वर्षांनी हा आला, पत्र्याची पेटी घेऊन, ‘भाऊजी, नागपूरच्या गाडीनं आलो’ म्हणत. पुढं तो रेल्वेत लागला, यार्डात. मालगाडीचे डबे जोडायचे, तोडायचे, या रुळावरून त्या रुळावर न्यायचे, इंजिनवाल्याला झेंडी दाखवायची. मी एकदा त्याला विचारलं होतं, यात अवघड काय आहे? तो म्हणाला, “भाऊजी, इंजिन शिट्टी देते. पण सुटा डबा मागून घरंगळत येते ना, तो शिट्टी देत नाही. तो कानानं ओळखावा लागते.” हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला माझ्या टेबलावर बावीस वर्षांत एकदाही आलं नाही.

त्या दिवशी त्याची दुपारची पाळी होती. ड्युटीवर जायच्या आधी तो रोज एका चौकात थांबायचा. तिथं पुरानी बस्तीतल्या एका बाईचा चहाचा ठेला होता. ती त्याला न विचारता आलं जास्त घालायची. चहा पिऊन तो स्कूटरवर बसला आणि तेवढ्यात चौक बंद झाला. कोणीतरी मोठं जाणार होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. यार्डात उशीर झाला तर आधीच्या पाळीचा माणूस अडकून पडतो. म्हणून हा शिपायाला म्हणाला, भैया, गल्लीतून काढून घेऊ का, ड्युटी आहे. शिपायानं मागं पाहिलं. ठाणेदार साहेब तिथंच उभे होते. आमच्याकडे त्यांना टीआय म्हणतात. ते जवळ आले आणि म्हणाले, “राजधानी है ये. समझे?”

हा म्हणाला, “समझ गया साहब, लेकिन ड्यूटी तो राजधानी में भी है.”

विनोद त्यानं माझ्याकडून उचलला होता. घरात असे विनोद मी करतो. घरात ते चालतात.

टीआय साहेबांनी एकच थप्पड मारली, डाव्या कानावर. “मले वाटलं कोणाचा टायर फुटला,” मेहुणा नंतर म्हणाला. “मी मागं वळून पाहिलं, भाऊजी. मले समजलंच नाही का मलेच लागलं.” त्याला ठाण्यात नेलं, संध्याकाळपर्यंत फरशीवर बसवलं, आणि ‘समझाइश देकर छोड़ा गया’, म्हणजे समज देऊन सोडलं, अशा एका कागदावर सही घेऊन सोडलं. तो घरी आला तेव्हा शर्टाच्या डाव्या खांद्यावर रक्ताचा एक डाग होता, सुकलेला. बायकोनं आधी डाग पाहिला, मग कान.

रेल्वेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला आहे. कसा फाटला, त्यांनी विचारलं. यानं सांगितलं. डॉक्टरांचा पेन जरा थांबला आणि मग त्यांनी लिहिलं, कानाला इजा. कोणामुळे ते लिहिलं नाही. तीन महिने घरी, मग पुन्हा तपासणी. तपासणीत डावा कान उतरला नाही तर यार्ड बंद, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं.

घरी आल्यावर बायको मला म्हणाली, “लिहा.”

“काय लिहू?”

“जगाचं लिहिता ना तुमी, आता याचं लिहा.”

मी लिहायला बसलो आणि आता हेही कबूल करतो की मला मजा आली. राग होता, पण मजाही होती. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सहीचे कागद लिहिले होते, त्यात आपलं असं काही नसतं. इथं पहिल्यांदा माझ्या घरचं कारण होतं. मी मुद्दे पाडले, वेळ लिहिली, चौकाचा नकाशा काढला. साक्षीदार म्हणून त्या चहावाल्या बाईला जाऊन भेटलो. आम्ही तिला दीदी म्हणायचो, म्हणजे मेहुणा म्हणायचा, त्याच्यामागून मीही म्हणू लागलो. ती कप विसळत होती.

“हव, देखे हंव,” ती म्हणाली. हो, पाहिलं आहे. “कान म मारिस. कोनो पूछही त कइहूं.” कोणी विचारलं तर सांगीन.

कोणी विचारलं तर. एवढंच म्हणाली ती. माझं नाव लिहा असं ती म्हणाली नव्हती. पण अर्धवट पत्ता लिहिणं म्हणजे माझ्या लेखी पाप, म्हणून मी तिचं नाव, नवऱ्याचं नाव, पुरानी बस्तीतली गल्ली, देवळाच्या मागचं तिसरं घर, ठेला चौकाच्या कोणत्या कोपऱ्यात, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, सगळं सगळं लिहिलं. आणि ते सगळं नेऊन मुंशीजींच्या हातात दिलं. पुढं त्यांनी काय म्हटलं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

तीन दिवसांनी मेहुणा चौकात गेला आणि परत आला.

“ठेला नाही आहे, भाऊजी.”

“आज सुट्टी असंन.”

“चूलही नाही आहे. ती विटांची होती ना, तीही उखडून टाकली. नुसती काळी जागा आहे.”

दुसऱ्या दिवशी मी गेलो. आठवडाभर गेलो. समोरच्या सायकलवाल्याला विचारलं. तो स्पोक पिळत राहिला आणि म्हणाला, “कौन सा ठेला?” दहा वर्षं त्यानं तिथला चहा प्यायला होता. देवळामागच्या तिसऱ्या घराला कुलूप होतं. घर मी लगेच ओळखलं, पत्ता माझाच होता आणि अगदी बरोबर होता.

दीड महिन्यानं उत्तर आलं. कप्तान साहेबांच्या ऑफिसानं आमची तक्रार त्याच ठाण्याला पाठवली होती, ‘नियमानुसार जांच कर प्रतिवेदन प्रस्तुत करें’, म्हणजे चौकशी करून अहवाल द्या, असं लिहून. हे वाक्य मी आयुष्यात किती कागदांवर लिहिलं असेल याचा हिशेब नाही. लोकांची गाऱ्हाणी यायची, मी हे एक वाक्य लिहायचो, आणि गाऱ्हाणं ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर जाऊन पडायचं. माझ्या टेबलावरून गेलं म्हणजे ते मिटलं असं मी समजत होतो. आता पहिल्यांदा ते वाक्य मला दुसऱ्या बाजूनं वाचायला मिळालं.

ठाण्यानं चौकशी केली होती. आवेदक दारू प्यायलेला असल्यानं तोल जाऊन स्कूटरवरून पडला आणि त्याच्या कानाला लागलं. पोलिसांनी त्याला उचललं, समझाइश दिली, सोडलं. त्यानं नाव दिलेली साक्षीदार मिळून आली नाही, आणि ‘उक्त स्थल पर कोई चाय ठेला होना नहीं पाया गया’. खाली, डाव्या हाताला, प्रतिलिपि. मेहुण्याच्या रेल्वेतल्या साहेबांना, सूचनार्थ आणि आवश्यक कार्यवाहीसाठी.

मी तो कागद दोनदा वाचला. चूक काढायला कुठंच जागा नव्हती. माझ्यापेक्षा चांगला बाबू होता तो.

दारू! ज्या माणसाला होळीत भांगेचा घोट पाजावा म्हणून आम्ही दहा वर्षं झटलो आणि जो गच्चीवरून उडी मारतो म्हणाला, पण प्यायला नाही, त्याच्या नावापुढं ‘नशे की हालत में’. रेल्वेला असा कागद मिळाला की ती गप्प बसत नाही, बसूही नये. डबे जोडणारा माणूस पिऊन येत असेल तर लोक मरतात. त्यांनी याला आरोपपत्र दिलं, ड्युटीवर जाताना दारू प्यायल्याचं. आधी प्रश्न यार्डाचा होता, आता नोकरीचा झाला.

मेहुणा तो कागद घेऊन माझ्यासमोर बसला. डावा कान बंद झाल्यापासून तो समोरच्याकडे जरा तिरपं पाहायचा, उजवा कान पुढं करून, जणू काही गुपित ऐकतो आहे.

“भाऊजी, यार्ड गेलं तर जाऊ द्या,” तो म्हणाला. “पण हे बेवड्याचं नको. बाबा पिऊन मेले, ताईले विचारा. मी त्याच्यासाठी आयुष्यभर हात नाही लावला. आता माझ्याच कागदात तेच लिहून ठेवलं.”

सासऱ्यांचं हे मला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. बायको भांडी घासत होती, ती घासायची थांबली नाही.

मग वकील गाठला. वकील म्हातारे, कोट हिरवट पडलेला, पण माणूस सरळ. मी सगळे कागद तारखेप्रमाणे लावून नेले होते. ठाण्याची पावती त्यांनी उजेडात धरली.

“बाबूजी, ये क्या है?”

मी सांगितलं. वकिलांनी टेबलावर कोपरं टेकली आणि तोंडावर हात ठेवला. खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की हसताहेत. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, चाळीस वर्षं वकिली केली, पण मारणाऱ्याच्या घरी साक्षीदार पोचवून पावती घेणारा पहिलाच पाहिला. मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, दिवाणी दावा टाकता येतो, नुकसानभरपाईचा, ठाणेदारावर आणि सरकारवर. सरकारी माणूस आहे, म्हणून आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागेल. ती मी आजच लिहितो. पण दोन महिन्यांत मला ती बाई आणून द्या. तिनं शपथेवर सांगितलं की माझ्या डोळ्यांदेखत थप्पड मारली आणि हा प्यायलेला नव्हता, की तोच कागद रेल्वेच्या चौकशीतही चालेल. ती नाही, तर काही नाही. तुमच्याकडे काय आहे? एक कान आहे, आणि तो बोलत नाही.

नोटीस त्यांनी लिहिली. प्रती कोणाला द्यायच्या तेही त्यांनीच ठरवलं. मला पेनला हात लावू दिला नाही.

बाई सापडायला सहा आठवडे गेले. पुरानी बस्तीतल्या एका फुलवालीनं बायकोला सांगितलं, माझ्याशी ती बोलायला तयार नव्हती. चहावाली दीदी अभनपूरला बहिणीकडे आहे, बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन बसते.

मी आणि मेहुणा छोट्या लाईनच्या गाडीनं गेलो. ती गाडी सायकलच्या बरोबरीनं चालायची, लोक मध्येच उतरून, लघवी करून, पुन्हा चढायचे. मेहुणा खिडकीशी बसला, उजवा कान बाहेर. प्रत्येक शिट्टीला तो मला सांगायचा, ही फाटकाची, ही गाईसाठी. मी हो हो म्हणत होतो. मनात दीदीशी बोलायच्या वाक्यांची जुळवाजुळव चालली होती.

बाजारात ती एका पोत्यावर बसली होती, पुढं लाल भाजीच्या जुड्या. आधी मी तिला ओळखलंच नाही. ठेल्यामागं ती उभी असायची, आता बसलेली दिसली तर एवढीशी. मेहुण्याला पाहून तिनं पदर सारखा केला आणि त्याच्या कानाकडे बोट केलं. त्यानं मान हलवली. नाही, ऐकू येत नाही. ती चुकचुकली.

मी खाली उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. दारूचं, नोकरीचं, वकिलांचं. फक्त एकदा यायचं, एका कागदावर अंगठा, आम्ही नेऊ, आम्ही आणू. ती ऐकत होती आणि जुड्यांवर पाणी शिंपडत होती. मग तिनं हात पुसला आणि हळू आवाजात सांगितलं. ठेला उचलून नेला. तीन दिवस तिला ठाण्यात बोलावून बसवून ठेवलं, सकाळी जायचं, संध्याकाळी सोडायचे. मारलं नाही. नुसतं बसवलं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक शिपाई विचारायचा, तूच का गं पाहिलंस? चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं घराला कुलूप लावलं.

मेहुणा माझ्या उजव्या हाताला बसला होता. म्हणजे त्याचा डावा कान आमच्या दोघांकडे. त्याला यातलं काही ऐकू जात नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता.

मग तिनं थेट माझ्याकडे पाहिलं.

“एक बात बता भैया. मोर नांव कोन लिखे रिहिस?”

माझं नाव कोणी लिहिलं होतं?

आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं विचारलं.

मी म्हणालो, “वो ऊपर से जांच आई थी दीदी. उसमें सबका नाम लिखा रहता है.”

सरकारी कागदात कोणी काही लिहीत नाही, सगळं आपोआप लिहिलेलं असतं. ही बोली माझ्या अंगात इतकी मुरलेली की खोटं बोलायला वेगळी मेहनत लागली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हव.” आणि एका गिऱ्हाइकाला दोन जुड्या बांधून दिल्या.

“तो दीदी, आओगी ना?” मी विचारलं.

“नइ आवंव, भैया.” नाही येणार.

उठताना तिनं मेहुण्याच्या हातात एक जुडी ठेवली. मला नाही. परतीच्या गाडीत त्यानं विचारलं, “काय म्हणे ती?”

“घाबरली आहे,” मी म्हणालो.

“तिची काय चूक त्याच्यात,” तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीकडे कान केला.

पुढचं थोडक्यात. नोटिशीचे दोन महिने संपले, उत्तर आलं नाही. वकील म्हणाले, दावा टाकायचा तर टाकतो, पण मी तुम्हाला फसवणार नाही. आम्ही टाकला नाही. टीआय साहेब बढती घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेले. नव्या राज्यात जिल्हे नवे होते, खुर्च्या पुष्कळ होत्या. रेल्वेच्या चौकशीत दारू सिद्ध झाली नाही. पण ‘प्यायला नव्हता’ असंही कोणी लिहिलं नाही. लिहिलं, ‘संदेह का लाभ’. संशयाचा फायदा, म्हणजे संशय फायलीत कायमचा राहिला. नोकरी वाचली. तपासणीत कान उतरला नाही, यार्ड गेलं. आता तो ऑफिसात असतो, या टेबलावरची फाईल त्या टेबलावर नेतो. त्याच्या नवीन साहेबांनी त्याला आवक-जावक शिकून घ्यायला सांगितलं. पहिल्या दिवशी घरी येऊन तो मला म्हणाला, “भाऊजी, आता तुमीच माझे गुरुजी.” मी हसलो. हसावं लागलं.

एका रविवारी तो बाहेर गेला होता. बायको दारात बसून तांदूळ निवडत होती. का कोण जाणे, मी तिच्यासमोर बसलो आणि अभनपूरचं सगळं सांगून टाकलं. दीदीनं काय विचारलं, मी काय म्हणालो, सगळं. बायकोला आतापर्यंत एवढंच माहीत होतं की बाई घाबरून आली नाही.

तिनं सूप पाखडलं.

“तिले माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“कोणं लिहिलं ते. तीन दिवस ठाण्यात बसवलं तिले, तो कागद दाखवला नसंन का? तुमी तर मुंशीले सांगूनच आलते का मी लिहिला म्हणून. माहीत असूनच विचारलं तिनं. तुमी काय म्हणता ते पाहून राहिली होती.”

मी विचारलं, खरं सांगितलं असतं तर आली असती का?

“मले काय माहीत,” बायको म्हणाली. एक खडा वेचून तिनं दाराबाहेर टाकला. “पण याले सांगू नका हे. तो तिथं ऑफिसात सगळ्याइले सांगत फिरते, माझ्या भाऊजीनं माझ्यासाठी किती केलं म्हणून.”